बसलेल्याची बायको

गाडीचा दांडा भिंतीला घासून गेला, एवढंच झालं. गल्ली अरुंद, घोड्यांना वळण साधलं नाही, गाडीवानाने शिवी हासडली आणि भिंत आतून थरथरली. हनीपा चुलीपाशी बसून रेशमाचे कोष उकळत होती. छतावरची माती सुटून कढईत पडली. ती पाहून तिच्या तोंडात गाडीवानाइतकीच चांगली शिवी आली, पण ती बाहेर पडायच्या आत खुंटीवरचा नान खाली आला. खापर आपटावं तसा आवाज झाला. नान फुटला नाही, जरा गरगरला आणि उंबऱ्यापाशी जाऊन आडवा झाला. हातातल्या काडीला गुंतलेलं धाग्याचं टोक सुटून पाण्यात गेलं, आणि तो कोष इतर कोषांत मिसळला. आता तो कुठला, हे शोधत बसायला पाहिजे होतं. ती बसली नाही. ओला हात झग्याला पुसून तिने नान उचलला, फुंकर मारली, कपाळाला लावला आणि नेहमीच्या सवयीने त्याच्या तुटक्या कडेत अंगठा घातला. अंगठा बरोबर बसला. तिच्या नवऱ्याचे, सावुतचे, दात उमटले होते तिथे तिचा अंगठा बसायचा, इतकी वर्षं.

खोतानमध्ये लांबच्या वाटेला निघालेला माणूस ताज्या नानचा एक घास खातो आणि उरलेला नान घरच्या खुंटीला टांगतात. परत येऊन त्याने तो संपवायचा. सगळ्या घरांत टांगतात आणि बहुतेक घरांत तो एखाद्या ऋतूत खाली येतो, चहात भिजवून, हसत, दात सांभाळत खाल्ला जातो. लोक हाताने तुकडा तोडतात. सावुतने तोडला नाही, तिच्या हातातल्या नानला सरळ तोंड लावलं आणि डोळे मिचकावले. पुढचा एक दात उंटाच्या लाथेने अर्धा तुटलेला, म्हणून त्याच्या चाव्याच्या मधोमध एक उंचवटा राहायचा, खरबूज असो की भाकर. लग्न नवं असताना ती त्याला म्हणायची की तुम्ही चोरून काही खाल्लंत तर मला लगेच कळेल. आता तो उंचवटा अंगठ्याखाली गुळगुळीत झाला होता. तिनेच झिजवला होता. एखाद्या दिवशी तिला भीती वाटायची की तो परत आला आणि म्हणाला, हा माझा चावा नव्हे, तर काय दाखवायचं?

तो निघाला तेव्हा तिला ताप होता. दात वाजत होते, आणि सावुतने आपला रुई भरलेला लांब अंगरखा, चपान, काढून तिच्या अंगावर टाकला, पट्ट्यापट्ट्यांचा, गुडघ्याखाली येणारा. तिने कण्हत कण्हत सांगितलं की वाळूत रात्री थंडी असते. तो म्हणाला, साहेबांकडे पांघरायला लोकरीचे नमदे पुष्कळ आहेत, आणि साहेब स्वतःच इतके गरम डोक्याचे आहेत की त्यांच्या शेजारी झोपलं तरी पुरे. साहेब लांब देशाहून आले होते. माणसं मिठासाठी वाळूत शिरतात, पांढऱ्या-हिरव्या दगडासाठी शिरतात, गाडल्या गेलेल्या गावांतल्या सोन्याच्या आशेने शिरतात. हे साहेब वाळू बघण्यासाठी वाळूत शिरणार होते. एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत सरळ, मधे विहीर नाही, वाट नाही, आणि वेळ निवडली ती वारा सुटायची. म्हाताऱ्या उंटवाल्यांनी माना हलवल्या. सावुत तरुण उंटवाला होता, आणि त्याला साहेबांच्या पितळी यंत्रांचं फार कौतुक. काटा एकाच बाजूला बघतो, तो सांगायचा, तुझ्या आईसारखा, काही केल्या वळत नाही.

परत आले ते दोघे. साहेब आणि तोख्ता आखुन, उंटवाल्यांचा म्होरक्या. साहेबांना लोकांनी खांद्यावरून आणलं, दूध पाजलं, आणि बरे होताच ते पश्चिमेकडे निघून गेले. तोख्ता चालत आला. त्याच्या जिभेला भेगा पडल्या होत्या. हनीपा त्याच्यापुढे उभी राहिली तेव्हा त्याने तिच्या तोंडाकडे न बघता, पायांकडे बघून सांगितलं, "सावुत बसला." तिने विचारलं, मग? तो म्हणाला, "मग आम्ही पुढे आलो." यापलीकडे तोख्ताने मरेपर्यंत एक अक्षर काढलं नाही. उंटवाल्यांची रीतच तशी आहे. वाळूत चालताना माणूस बसला की बाकीच्यांनी मागे वळून बघायचं नसतं. बघितलं की त्याचं बसणं पाहणाऱ्याच्या गुडघ्यांत उतरतं, असं ते मानतात. तेव्हा तोख्ता खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं ते सांगितलं, आणि जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही. मरणाच्या आधी, गेल्या हिवाळ्यात, ती त्याच्यासाठी सूप घेऊन गेली होती. त्याने वाडगा हातात घेतला, खूप वेळ धरून ठेवला, आणि न पिता परत दिला. त्याला काही सांगायचं होतं असं नव्हे. त्याला ते सूप तिच्या हातचं प्यायचं नव्हतं, हे तिला घरी येताना वाटेत कळलं, आणि का, ते कळलं नाही.

काझीसाहेबांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की बसलेला माणूस उठू शकतो. हरवलेला नवरा त्याच्या वयाची, बरोबरीची सगळी माणसं मरेपर्यंत जिवंत धरायचा, असा कायदा आहे. म्हणजे हनीपा विधवा नव्हे. तिने पांढरं घालायचं नाही, रडायला बायका बोलवायच्या नाहीत, मृताचं जेवण घालायचं नाही, आणि दुसरं लग्न तर नाहीच. गल्लीने तिला नाव दिलं, बसलेल्याची बायको. पहिल्यांदा ते तिच्या पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर, मग तिनेही बाजारात रेशीम विकताना आपली ओळख तशीच द्यायला सुरुवात केली, कारण त्या नावाने भाव जरा बरा मिळायचा. बाजारात सावुतच्या वयाचा कोणी गलेलठ्ठ माणूस मांसाच्या सळ्या चाटताना दिसला की ती मनाशी म्हणायची, हा अजून आहे. तोही आहे. किती चांगली हवा आहे खोतानची. मग तिला स्वतःची शरम वाटायची आणि ती त्याच्या बायकोची खुशाली विचारायची.

त्यांतलाच एक मेतनियाज रंगारी. कोपरांपर्यंत निळा. मशिदीत वजूला हातपाय धुताना लोक त्याला चिडवायचे की तुझं पाप धुतलं जाईल, नीळ नाही. तो तिचं रेशीम रंगवायला न्यायचा, आणि कित्येक वर्षं त्या रेशमाखेरीज कशाबद्दल बोलला नाही. मग एकदा सावुतचा चपान फार विटला तेव्हा तिने बाह्या आखूड करून, घेर काढून तो आपल्या मापाचा केला, आणि मेतनियाजने तो निळ्यात बुडवून आणला. पट्टे दिसेनासे झाले. फक्त शिवणीच्या आत, जिथे रंग पोचला नाही, तिथे लाल-पिवळे राहिले. चपान देताना तो म्हणाला की मी काझीसाहेबांना विचारून आलो. बरोबरीची सगळी माणसं मरायला हवीत, त्यात मीही आलो. "म्हणजे हनीपाखान, मी मेलो की तुम्ही माझ्याशी लग्न करायला मोकळ्या." ती हसली, चपान अंगावर घेऊन आत गेली, आणि आत गेल्यावर तिला उभं राहवेना. बसायचं मात्र तिने टाळलं. दोन्ही हातांनी भिंत धरून उभी राहिली.

आता तो दारात उभा होता. उंबऱ्याच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नव्हतं, दुसऱ्याच्या बायकोचं घर म्हणून. हातांवरची नीळ अजून ओली होती, ठिपके पडत होते. गाडी कोणाची होती कळलं का, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, ज्याची असेल त्याने भिंत लिंपून द्यावी.

"त्यांची आहे. साहेबांची. पेट्या सराईच्या आवारात उतरवल्यात. मी तसाच जाऊन भेटलो. म्हातारे झालेत. सावुतचं नाव काढल्याबरोबर ओळखलं, डोळे पुसले. उद्या काझींपुढे येतो म्हणाले, लागेल ते सांगतो म्हणाले."

"लागेल ते, की झालं ते?"

मेतनियाजने आपल्या हातांकडे पाहिलं. "हनीपाखान, माझे दात पडायला लागलेत. त्या दोन्हींत काही फरक असलाच तर आपण तो लग्नानंतर सावकाश बघू."

तिच्या हातात नान होता. तो त्याला दिसत होता, आणि त्याने त्याबद्दल विचारलं नाही, हे तिला आवडलं. खुंटी ढिली झाली होती. तिने नान चादरीत गुंडाळून कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवसापर्यंत ती कोष उकळत राहिली आणि धाग्याचं टोक काही केल्या तिच्या काडीला सापडेना. माणूस मेला असं कोणी सांगणार, यात आनंद कसला, आणि दुःख तरी कसलं, ते तर केव्हाच होऊन गेलं. पण काहीतरी जागचं हललं होतं. बर्फ वितळताना नदीत वरून काही दिसत नाही, खाली दगड सरकल्याचा आवाज मात्र येतो, तसं.

काझीसाहेबांच्या अंगणात तुतीचं झाड आहे. त्याची पिवळी पानं गालिच्यावर पडत होती आणि काझीसाहेब ती एकेक उचलून बाजूला ठेवत होते. साहेब येऊन त्यांच्यासमोर रीतीप्रमाणे गुडघे दुमडून बसले, परक्या माणसाला बसता येत नाही इतके नीट. केस पांढरे, नाकावर उन्हाच्या जुन्या खुणा. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात एकच आलं, की सावुत आज असता तर एवढाच थकलेला दिसला असता. म्हातारा सावुत तिने कधी कल्पिलाच नव्हता. एवढा वेळ ती एका पोराची वाट बघत होती. साहेब खोतानची भाषा बोलत होते, बाजारी उच्चारांत, पण सफाईने. हे त्यांनी आधीही पुष्कळदा सांगितलं असावं, पुष्कळ देशांत, कारण कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. पहाट होती. सावुतचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्याने कलमा म्हटला. मी त्याचे डोळे मिटले, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला केलं. काझींनी विचारलं, किब्ला कोणीकडे? साहेबांनी अंगणातल्या अंगणात हात केला, अगदी बरोबर दिशेला. काझींनी मान डोलावली. हनीपाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं, ते तिला गळ्याशी ओलं लागल्यावर कळलं. इतकं साधं होतं तर. मांडीवर डोकं, पहाट. तोख्ताने एवढंही का सांगू नये?

"मग त्याचाच चपान त्याच्या अंगावर पांघरला," साहेब म्हणाले. "पट्ट्यांचा होता. मला अजून दिसतो."

तुतीचं एक पान हनीपाच्या बाहीवर पडलं. निळ्या बाहीवर पिवळं. तिने ते उचललं नाही. चपान तिच्या अंगावर होता. बगलेतली रुई तिच्याच घामाने गोळा झालेली, कॉलरला तिच्याच केसांचं तेल. मान न वळवता तिने मेतनियाजकडे पाहिलं, आणि तो चपानाकडे बघत होता, ज्याने तो स्वतःच्या हातांनी निळ्यात बुडवला, पिळला, दोरीवर वाळत घातला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. हे खोटं उघडं पाडू शकतील अशी दोनच माणसं तिथे होती. साहेबांना काही कळलं नव्हतं. त्यांच्यासमोर एक निळा चपान घातलेली बाई रडत बसली होती, एवढंच.

काझीसाहेब म्हणाले की परधर्माच्या माणसाची साक्ष एरवी मी घेत नाही. पण तोख्ता आखुनचं अर्धं वाक्य माझ्याकडे इतकी वर्षं पडून आहे आणि साहेब ते पुरं करताहेत. मग त्यांनी हनीपाला विचारलं, मुली, तुला यावर काही म्हणायचं आहे? ते तिला मुली म्हणाले, तिच्या लग्नात म्हणाले होते तसं. तेव्हाही त्यांनी असंच विचारलं होतं, आणि ती खाली मान घालून गप्प राहिली होती, आणि त्यांनी ते गप्प राहणं हो म्हणून धरलं होतं. तिने आत शोधून पाहिलं. सांगावंसं वाटलं तर शब्द तीनच होते, चपान इथे आहे. ते जिभेवर आले. आणि मग तिला दिसलं, ते बोलली की सावुत पुन्हा उठून बसणार, तहानलेला, आणि ती त्याच्या समोर, आणि दारात निळ्या हातांनी हा माणूस, तिघंही म्हातारे होईपर्यंत. पान बाहीवरून घरंगळून खाली गेलं. काझींनी ते उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, गप्प राहणं म्हणजे मान्य.

म्हणजे सावुत मेला तो काल दुपारी, तुतीखाली. दुसऱ्या दिवशी मृताचं जेवण मांडताना ती हेच मनात घोळवत होती. एवढ्या वर्षांच्या दुष्काळानंतर गल्लीतल्या बायकांना तिच्याकडे रडायला मिळालं, त्या पोटभर रडल्या, पुलाव चांगला झाला म्हणाल्या आणि गेल्या. आता एक रीत उरली होती. मेलेल्याचा नान भिजवून जेवणाऱ्यांनी वाटून संपवायचा, म्हणजे त्याचा या जगातला अन्नाचा शेर संपतो. आणि पहिला घास मरणाची बातमी आणणाऱ्याचा. साहेब एकटे चटईवर बसले होते. मेतनियाज दारात हात धुवायचा तांब्या घेऊन उभा होता, अजूनही उंबऱ्याच्या बाहेर. नान गरम चहात टाकला तरी बराच वेळ तरंगत राहिला. मग कडेने बुडबुडे यायला लागले. वास आला तो धुराचा आणि जुन्या भिंतीचा. चाव्याचा उंचवटा तिच्या डोळ्यांदेखत मऊ झाला आणि विरघळला. तिने एक तुकडा काढून साहेबांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी तो कपाळाला लावला. या देशात फिरून फिरून त्यांना सगळं ठाऊक झालं होतं. भाकर तोंडात असताना इथली माणसं खोटं बोलत नाहीत, हेही ठाऊक असावं. ते चावू लागले.

"साहेब," ती म्हणाली, "तो बसला होता ना?"

चावणं थांबलं. घास गिळवेना आणि थुंकायचा कसा. बाहेर घोड्याने मान झटकली, घुंगरू वाजले.

"बसला होता," साहेब म्हणाले. "टेकडीला पाठ टेकून. शुद्धीवर होता. म्हणाला, पाणी मिळालं की या."

"मिळालं?"

"त्याच दिवशी. ऊन कलायच्या आत. कोरड्या नदीत एक डबकं होतं. तोख्ता पखाल भरून परत निघाला होता. मी त्याला जाऊ दिलं नाही. पाय धरले त्याचे. मला वाटलं, हा गेला की मी एकटा उरेन."

हनीपाला तोख्ताच्या हातातला सुपाचा वाडगा दिसला. भरलेला, धरून ठेवलेला, परत दिलेला. तिला वाटत होतं त्यापेक्षा अंतर फार कमी होतं. मरण आणि डबकं यांच्यामध्ये एक घाबरलेला माणूस एवढंच अंतर. तिने चपानाबद्दल विचारलं. साहेब म्हणाले, "जे करायला हवं होतं ते मी काल सांगितलं."

ती उठली. चपान अंगावरून काढला. अंगाची ऊब त्यात होती, ती झटकून टाकावी असं तिला वाटलं, आणि मग वाटलं, असू दे. अस्तनीची शिवण उलटून तिने साहेबांपुढे धरली, लाल-पिवळे पट्टे वर येतील अशी. साहेबांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा म्हाताऱ्या बाईसारखा चुरगळला.

"तुम्ही पुन्हा वाळूत निघालात म्हणतात," ती म्हणाली. "मग आता करा. नेऊन पांघरा. हाडं असतील, नसतील, वाळूवर घाला. म्हणजे काल तुम्ही बोललात ते खोटं राहणार नाही, आणि मीही त्या अंगणात खोटी गप्प बसले नव्हते असं होईल."

साहेबांनी चपान छातीशी धरला. नेईन म्हणाले, देवाची आण घेतली, त्यांच्या देवाची आणि मग तिच्याही. ते तेव्हा खरं बोलत होते, यात तिला शंका नव्हती. तोंडात भाकर होती. उरलेला नान तिने आणि मेतनियाजने संपवला. तो आज पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत येऊन बसला, आणि दोघंही एकाच वाडग्यातून खात होती. चव कशाचीच नव्हती. शेवटी वाडग्याच्या तळाशी मातीचा पातळ थर राहिला, तो मेतनियाजने बोटाने पुसून चाटला.

"मी बाहेर घोड्याला पाणी दाखवत होतो," तो म्हणाला. "काही ऐकलं नाही."

"मीही नाही," हनीपा म्हणाली.

साहेब गेले. लोकांनी वेशीपर्यंत जाऊन उंट पाहिले. ती गेली नाही. तिची इद्दत, विधवेने घरात काढायचे दिवस, चालू होती, आणि घरात बसून राहण्याचा तिला चांगला सराव होता. भिंतीवर खुंटी रिकामी राहिली. तिच्याखाली गोल, जरा उजळ डाग होता, तिथे इतकी वर्षं धूर लागला नव्हता. कोष उकळताना ती त्या डागाकडे बघायची. धागा आता बरा निघत होता. लग्न वसंतात, तुतीला पालवी फुटल्यावर, असं मेतनियाजने ठरवून टाकलं होतं, आणि ती नाही म्हणाली नव्हती. ती वाळूचा विचार करायची. एक टेकडी, तिच्यावर निळा चपान, वारा त्याची कड उचलून बघतोय. एवढं दिसलं की तिला झोप लागायची. तो चपान पांघरलेल्या माणसाला मात्र तिने कधी आडवं पाहिलं नाही. तो बसलेलाच दिसायचा, खांद्यांवर चपान घेऊन, जसा कोणीही थंडीत बसतो.

थंडी तशी पडलीच होती. रेशमाच्या लडी विकायला, इद्दतीतही दिवसाउजेडी तेवढी मुभा असते म्हणून, ती बाजारात गेली तेव्हा अंगावर नुसती शाल होती आणि बोटं वळत नव्हती. जुन्या कपड्यांची रांग टोपीवाल्यांच्या पलीकडे लागते. दोरीवर पायजमे, पट्टे, एक फाटकी कातडी टोपी, आणि त्यांच्यामध्ये निळा चपान. आखूड बाह्या, आत घेतलेला घेर. ती थांबली नाही, चार दुकानं पुढे गेली, आणि पाय आपोआप वळले. साहेबांच्या कोणा नोकराने पेट्या बांधताना ओझं कमी केलं असेल. साहेबांना ठाऊकही नसेल. ते वाळूत कुठेतरी एका टेकडीपाशी उतरतील, पेटी उघडायला सांगतील, चपान सापडणार नाही. किंवा पेटी उघडायला सांगणारही नाहीत. तिकडे, त्यांच्या देशात, दिवाणखान्यात बसून सांगताना तो चपान त्यांनी केव्हाच सावुतच्या अंगावर पांघरलेला असेल.

कपडेवाला नवा होता, तिला ओळखत नव्हता. थंडीने काकडलेली बाई बघून त्याने दोरीवरून चपान उतरवला आणि झटकला. मेलेल्याचे कपडे खोतानमध्ये कोणी अंगाला लावत नाही, ते मुडदा धुणाऱ्याला जातात. म्हणून इथला प्रत्येक कपडेवाला गिऱ्हाइकाने विचारायच्या आधीच शपथ घेतो.

"घ्या बाई, मनात काही आणू नका," तो म्हणाला. "मेलेल्याचा नाही. जिवंत माणसाचा आहे."

हनीपाने अस्तनीची शिवण उलटून पाहिली. पट्टे तिथेच होते.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.